जर, तर आणि नाही तर

‘उगाच जर-तरच्या गोष्टी नकोत,’ असे आपण घरात सहज म्हणून जातो. जे घडले नाही आणि घडण्याची शक्यताही नाही, त्याची रिकामी चर्चा म्हणजे जर-तर, अशी आपली समजूत. परंतु ज्याने उमेदीची सारी वर्षे सरकारी कचेरीत काढली, त्याला हे दोन शब्द इतके स्वस्त वाटत नाहीत. राज्य चालते ते ‘जर’ आणि ‘तर’ यांच्या आधारानेच. कायद्याचे मुख्य कलम दोन ओळींचे असते, त्याखाली ‘परंतु’ने सुरू होणारी परंतुके चार असतात, आणि प्रकरण निकाली निघते ते बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या परंतुकावर. महसूल खात्यात माझी सारी नोकरी अशी परंतुके वाचण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांची-माझी गाठ सुटेल असे वाटले होते. पण ती पुन्हा भेटली, आणि तीही संगणकाच्या आज्ञावलीत. विषय रुक्ष आहे, हे मान्य. मात्र तो फिरत फिरत आपल्या घरांतील श्राद्धतिथींपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

संगणकाची आज्ञावली ज्या रूपात लिहिली जाते, त्या रूपात ती चालत नाही. माणसाने वाचण्याजोग्या भाषेत ती लिहितो. यंत्राला समजेल अशा रूपात तिचे भाषांतर करावे लागते. मोठ्या आज्ञावलीचे शेकडो, कधी हजारो तुकडे वेगवेगळ्या फाइलींत असतात. कोणता तुकडा आधी भाषांतरित करायचा, कोणते एकमेकांना जोडायचे, शेवटी काय तयार व्हायचे, हे सारे एका कागदावर मांडून ठेवतात. त्याला ‘बिल्ड स्क्रिप्ट’ म्हणतात. आपण बांधणीची यादी म्हणू. डाळ शिजल्याशिवाय पुरण वाटता येत नाही आणि पुरण तयार असल्याशिवाय पोळी लाटता येत नाही, हा क्रम स्वयंपाकघरात कोणी लिहून ठेवत नाही. संगणकाला तो लिहून द्यावा लागतो.

अशी यादी वाचून काम करणारे पहिले प्रसिद्ध साधन म्हणजे ‘मेक’. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली तयार केले. त्याची जन्मकथा कोणत्याही कारकुनाला आपलीशी वाटावी अशी आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याने आपल्या आज्ञावलीतील चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेल्या तुकड्याचे भाषांतर पुन्हा करायचे राहून गेले. आधीच दुरुस्त झालेली चूक शोधण्यात त्याची अख्खी सकाळ गेली. मसुदा सुधारावा आणि सहीसाठी मात्र जुनीच स्वच्छ प्रत जावी, असाच हा प्रकार. ‘मेक’ने यावर साधा उपाय काढला. मूळ फाइल तिच्यापासून तयार झालेल्या फाइलीहून नवी असेल, तर पुन्हा बांधावे. नसेल, तर हात लावू नये. या साधनासाठी फेल्डमन यांना २००३ साली असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

म्हणजे एक ‘जर’ या साधनाच्या पोटातच होता. परंतु यंत्र अमुक प्रकारचे असेल तर बांधणी अशी आणि तमुक प्रकारचे असेल तर तशी, असे यादीत लिहिण्याची सोय मूळच्या ‘मेक’मध्ये नव्हती. एकच आज्ञावली निरनिराळ्या यंत्रांवर जाऊ लागली, तशी तिची गरज भासली. पुढे रिचर्ड स्टॉलमन आणि रोलंड मॅग्रा यांनी ‘ग्नू मेक’ तयार केले. त्यात दोन गोष्टी सारख्या आहेत का हे पाहणारा ‘जर’, एखाद्या नावाला काही किंमत दिलेली आहे का हे पाहणारा ‘जर’, आणि दोहोंसाठी ‘नाही तर’ अशी सोय आहे.

या ‘जर’चा एक विशेष नीट लक्षात घ्यावा लागतो. यादी वाचली जात असतानाच त्याचा निकाल लागतो, काम सुरू होण्याच्या आधी. जी बाजू नाकारली गेली, ती ‘मेक’च्या दृष्टीने लिहिलेलीच नसते. चालू आज्ञावलीतला ‘जर’ म्हणजे लावून घेतलेले दार. मनात आले की ते उघडता येते. बांधणीच्या यादीतला ‘जर’ म्हणजे भिंतीत दार ठेवायचे की नाही, याचा निर्णय. एकदा भिंत उभी राहिली की आत राहणाऱ्याला, इथे दार होऊ शकले असते, एवढेही कळत नाही.

माझ्या परिचयात असा ‘जर’ पूर्वी येऊन गेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, तेव्हा त्यात महाकोशल, आपला मध्यभारत, विंध्यप्रदेश, भोपाळ आणि राजस्थानातून आलेले सिरोंज असे पाच तुकडे एकत्र आले. मध्यभारताचे सरकार तर मूळचेच जर-तरचे होते. हिवाळा असेल तर राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळा असेल तर इंदूर. या पाचही प्रदेशांत जमीनधारकांची नावे निराळी आणि हक्कही निराळे. राज्यासाठी एकच भूराजस्व संहिता १९५९ साली झाली, तेव्हा या साऱ्यांना एका नावाखाली आणायचे होते. ते काम संहितेच्या कलम १५८ ने केले. जमीन महाकोशलात असेल आणि धारक तिथला भूमिस्वामी किंवा भूमिधारी असेल, तर. मध्यभारतात असेल आणि धारक संवत् २००७ च्या कायद्याप्रमाणे पक्का कृषक, माफीदार किंवा इनामदार असेल, तर. भोपाळात असेल आणि तो तिथल्या १९३२ च्या कायद्याप्रमाणे दखलदार असेल, तर. विंध्यप्रदेशात असेल आणि तो पचपन-पैंतालीस कृषक किंवा पट्टेदार असेल, तर. सिरोंजात असेल आणि तो खातेदार असेल, तर. या सर्वांना संहिता लागू होताच एकच नाव मिळाले: भूमिस्वामी. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुन्या सनदा आणि माफीचे कागद आहेत, त्यांचे पूर्वज याच दुसऱ्या ‘जर’मधून नव्या कायद्यात आले.

हे कलम मी कितीदा वाचले असेल, याची गणती नाही. परंतु त्याची रचना किती विचारपूर्वक होती, हे बांधणीच्या यादीशी ओळख झाल्यावर मला अधिक स्पष्ट दिसले. प्रश्न एकदाच, संहिता लागू होण्याच्या क्षणी विचारला गेला. पुढे सर्वांना नियम एक. नुसते ‘तुम्ही कुठले?’ एवढ्यावर काम भागवले नव्हते. प्रदेशाबरोबर ‘तुमचा हक्क कोणता?’ हेही विचारले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या यादीच्या शेवटी ‘बाकी सगळे’ अशी पोतडी नव्हती. ज्याचा हक्क कोणत्याही वर्गात बसत नव्हता, त्याला न विचारता कुठे ढकलून दिलेले नव्हते.

आता तिथींकडे वळतो. आपण मराठी माणसे महिना अमावास्येला संपवतो. आपला महिना अमान्त. ग्वाल्हेरात आपल्या भोवती राहणारी हिंदी भाषक मंडळी तो पौर्णिमेला संपवतात, त्यांचा पूर्णिमान्त. शुक्ल पक्षात दोघांचे नाव एकच. कृष्ण पक्षात मात्र ते एक पाऊल पुढे असतात. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमीला, दिवस तोच. महाशिवरात्र आपल्या माघात आणि त्यांच्या फाल्गुनात. आपला पितृपंधरवडा भाद्रपदाचा, त्यांचा आश्विनाचा. त्यांचा ‘सावन’ गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण दिव्यांच्या अवसेनंतर लागतो आणि पिठोरीपर्यंत चालतो. पिढ्यान् पिढ्या आपण हे दोन्ही हिशेब एका डोक्यात बाळगून आहोत. शेजारणीचे सावनी सोमवार सुरू झाले, म्हणून आपल्या घरातल्या बायका गडबडून जात नाहीत. कालनिर्णय एका खिळ्याला आणि बाजारात मिळणारे स्थानिक पंचांग दुसऱ्या, अशी घरे पडावपासून लष्करापर्यंत कितीतरी सापडतील.

माझी पुतणी पुण्यात संगणक-अभियंता आहे. आमच्या घराण्याची एक जुनी वही आहे. तीत पूर्वजांच्या मृत्युतिथी लिहिलेल्या आहेत. दर वर्षी त्या तिथींच्या इंग्रजी तारखा काढून सर्व घरांना कळवण्याचे काम माझ्याकडे असते. काकाचा हा त्रास वाचावा, म्हणून तिने एक लहानशी आज्ञावली लिहिली. तिथी द्यावी, वर्ष द्यावे; तारीख मिळावी. ती पाहून इथल्या इतर मराठी घरांनीही मागणी केली. तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका महाविद्यालयीन मुलाने पुतणीकडून मूळ फाइली मागवल्या, आपल्या लॅपटॉपवर त्यांची बांधणी केली आणि तयार आज्ञावली दहा-बारा घरांना वाटली. ही गोष्ट २०२४ च्या जून महिन्यातली.

आमच्या आजोबांची तिथी श्रावण वद्य षष्ठी. यादी छापून आली, तीत त्यांच्या श्राद्धाची तारीख जुलैच्या उत्तरार्धातली होती. ती प्रथम खटकली माझ्या आत्याला. तिने ऐंशी ओलांडली आहे आणि संगणकाला तिने कधी बोटही लावलेले नाही. यादी ऐकताच ती म्हणाली, “अरे, दिव्यांची अवस ऑगस्टात आहे. त्याआधी श्रावण वद्य कुठून आली? आधी शुद्ध तरी येऊ दे!” तिचे म्हणणे बिनचूक होते. त्या वर्षी शेजाऱ्यांचा सावन २२ जुलैला लागला आणि आपला श्रावण ५ ऑगस्टला. आजोबांची तिथी ऑगस्टच्या उत्तरार्धात येत होती. यंत्राने ती पूर्णिमान्त हिशेबाने एक महिना आधी आणून ठेवली होती. अधिक श्रावण आलेल्या २०२३ साली हेच घडते, तर अंतर दोन महिन्यांचे पडले असते. चौकशी केली तेव्हा कळले, की दोन घरांनी चुकीच्या तारखांवर गुरुजींना निरोपही धाडला होता. वडिलांचे श्राद्ध वर्षातून एकदाच येते. ते चुकीच्या महिन्यात झाले आणि खऱ्या तिथीला घरात कोणाला आठवणही राहिली नाही, तर ती हानी कोणत्या खात्यात नोंदवायची?

पुतणीला फोन केला. तिला कारण सापडायला फार वेळ लागला नाही. महिन्यांची कोष्टके तिने दोन ठेवली होती, एक अमान्त आणि एक पूर्णिमान्त; त्यांतले कोणते घ्यायचे, हे बांधणीच्या यादीत ठरत होते. नियम असा होता: यंत्राची भाषा मराठी असेल तर अमान्त, नाही तर पूर्णिमान्त. संगणकाची भाषा कोणती, हे ‘लँग’ या नावाखाली यंत्रात नोंदलेले असते, आणि ‘ग्नू मेक’ यंत्रातल्या अशा नोंदी न सांगताही आपल्या यादीत घेते. पुण्यात तिच्या यंत्राची भाषा मराठी. तिथे सारे बरोबर आले. इथल्या मुलाचा लॅपटॉप हिंदीत. तिथे ‘नाही तर’ लागू झाले. गंमत अशी, की ज्यांच्या घरचा संगणक मराठीत होता, त्यांच्याही तिथी चुकल्या. कारण निर्णय बांधणाऱ्याच्या यंत्रावर झाला होता, वापरणाऱ्याच्या नव्हे. दार ठेवायचे की नाही हे गवंड्याच्या घराकडे पाहून ठरले होते.

असे तिने का केले, हेही सांगितले पाहिजे, कारण तिचा हेतू चांगला होता. “काका, वयस्कर माणसांना अमान्त की पूर्णिमान्त असले प्रश्न विचारून गोंधळात कशाला टाकायचे? यंत्रालाच ठरवू दिले,” असे ती म्हणाली. पुष्कळसे घोटाळे असेच होतात. विचारण्याचा त्रास नको, म्हणून आपण गृहीत धरतो.

या व्यवसायातील जाणत्यांनी अशा ‘जर’पासून सावध राहण्यास फार पूर्वीच सांगितले आहे. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ साली, निरनिराळ्या यंत्रांवर चालणारी आपली आज्ञावली लिहिताना आलेल्या अनुभवावरून एक निबंध वाचला. त्यांचे सांगणे असे, की मजकुरात जागोजागी ‘अमुक यंत्र असेल तर’ पेरत गेले, की शेवटी तो मजकूर कोणालाच नीट वाचता येत नाही. वेगळेपण वेगळ्या ठिकाणी, एका जागी ठेवावे. त्याच सुमारास, १९९१ साली, डेव्हिड मॅकेन्झी यांनी ‘ऑटोकॉन्फ’ नावाचे साधन सुरू केले. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. यंत्राला त्याचे नाव विचारू नका. आपल्याला हवा तो गुण त्याच्यात आहे का, हे प्रत्यक्ष तपासून पाहा. कारण एकाच नावाच्या दोन यंत्रांत फरक असू शकतो, आणि उद्या नवे नाव आले तर जुन्या यादीला त्याचा पत्ताही नसतो.

पुतणीच्या नियमाचे नेमके हेच झाले होते. विचारायचे होते ‘तुमचा महिना कशाने संपतो?’ आणि विचारले ‘तुमचे यंत्र कोणती भाषा बोलते?’ दोन्हींचे उत्तर पुण्यात एकच येते, म्हणून चूक दिसली नाही. बडोद्याच्या मराठी घराचे उदाहरण घ्या. तिथे यंत्र गुजरातीत असेल, तर हा नियम त्यांना पूर्णिमान्त ठरवील. वास्तविक गुजराती शेजारीही महिना अमावास्येलाच संपवतात. म्हणजे ज्या गावात पूर्णिमान्त हिशेब रूढच नाही, तिथेही तो लादला जाईल. ‘नाही तर’ या दोन शब्दांत किती माणसे कोंबली जातात, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. कारण तो स्वतः ‘तर’मध्ये सुरक्षित असतो.

यादीतली आणखी एक खोच तिने मला दाखवली. ‘मेक’मध्ये एखादे नाव लिहिताना एक अक्षर चुकले, तर ते कुरकुर करीत नाही, त्या नावाला काही किंमतच नाही असे समजते आणि मुकाट्याने ‘नाही तर’कडे वळते. किंमतीच्या शेवटी नजरेस न पडणारी मोकळी जागा राहिली, तरी दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी त्याला निराळ्या वाटतात. आमच्याकडे अपुरा अर्ज आला तर त्यावर शेरा मारून परत पाठवीत. इथे अपुरा अर्ज परस्पर मंजूर होतो, आणि तोही भलत्याच कलमाखाली.

“मग कायद्यात तुम्ही काय करता?” तिने विचारले. मी तिला कलम १५८ ची कथा सांगितली. जे माहीत आहे ते नावानिशी लिहावे, आणि ज्याचे नाव नाही त्याच्यासाठी अंदाज न बांधता थांबावे. तिने त्याच दिवशी दुरुस्ती केली. आता तिथे दोन स्वच्छ ‘जर’ आले: अमान्त सांगितले असेल तर हे कोष्टक, पूर्णिमान्त सांगितले असेल तर ते, आणि शेवटच्या ‘नाही तर’मध्ये बांधणी थांबवून ‘महिन्याची पद्धत सांगा’ असा संदेश. ‘ग्नू मेक’मध्ये अशी थांबण्याची आज्ञा असते. दहा-बारा घरांना नव्या याद्या गेल्या आणि गुरुजींना दुसरा निरोप गेला.

पण एवढ्याने माझे समाधान झाले नाही. आमच्याच नात्यात एक घर आहे. मुलगा मराठी, सून इथल्याच हिंदी भाषक कुटुंबातली, आणि तिच्या माहेरी दुसरे कोणी नसल्याने तिच्या वडिलांचे श्राद्ध त्याच घरात होते. सासऱ्यांची तिथी अमान्त, वडिलांची पूर्णिमान्त. बांधणीच्या वेळी कोणतेही एक कोष्टक निवडा, त्या घरातल्या एका पितरावर अन्याय होणारच. हे सांगितल्यावर पुतणी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे काका, हा प्रश्न बांधणीचा नव्हताच.” तिने निवड यादीतून काढून टाकली. आता दोन्ही कोष्टके आज्ञावलीत असतात आणि प्रत्येक तिथी नोंदवताना तिच्यापुढे पद्धत लिहावी लागते. एक प्रश्न वाढला. तो विचारल्यामुळे माझी आत्या किंवा इतर कोणी वृद्ध गोंधळले, असे काही घडले नाही. स्वतःच्या वडिलांची तिथी कोणत्या हिशेबाची, हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

या साऱ्या खटाटोपातून मला एक साधा विवेक सापडला. यंत्राबद्दलचे जे प्रश्न आहेत, म्हणजे त्यात अमुक साधन आहे का, तमुक सोय आहे का, ते बांधणीच्या यादीत खुशाल विचारावेत. त्यासाठीच ती सोय आहे. माणसाबद्दलचे प्रश्न मात्र माणसालाच विचारावेत. त्याचा निकाल भिंत बांधतानाच लावून टाकू नये.

आपल्यासारख्यांना हे अधिक जाणवावे, याला कारण आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे लष्कर इथे स्थिरावले आणि त्या तळाचेच शहर झाले. ज्या वस्तीत मी राहतो तिचे नाव पडाव. त्या शब्दाचा अर्थही मुक्कामच. मुक्कामाला आलेली माणसे दोन शतके राहिली, बाजारात हिंदी बोलू लागली, घरात अमावास्येला महिना संपवत राहिली. अशा माणसांना कोणत्याही यादीच्या पहिल्या ओळीत जागा नसते. भाषेवरून आणि पत्त्यावरून अंदाज बांधणारा प्रत्येक नियम त्यांना ‘नाही तर’मध्ये टाकतो, आणि तेही कोणाचा दुष्ट हेतू नसताना. ही तक्रार म्हणून लिहीत नाही. याद्या लिहिणाऱ्या पुष्कळशा मुली-मुले आज आपल्याच घरांतली आहेत, तेव्हा ही गोष्ट त्यांच्या कानावर घालणे आपल्या हाती आहे.

तोवर एक काम प्रत्येक घराने करावे असे सुचवतो. आपल्याकडच्या जुन्या वह्या काढाव्यात आणि प्रत्येक तिथीपुढे ‘अमान्त’ किंवा ‘पूर्णिमान्त’ असा एक शब्द लिहावा. ज्यांना तो न विचारता ठाऊक आहे, अशी माणसे अजून घरात आहेत. त्यांच्या शेजारी बसून हे काम एका दुपारी होण्यासारखे आहे. उद्या ती वही कोणत्या यंत्रात जाईल आणि त्या यंत्राची भाषा कोणती असेल, हे आपल्याला सांगता येणार नाही.